गांजाचं ‘काळं तेल’ घ्यायचं म्हणता, पण नेमकं काय घेताय?

मावशीचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होतो. “तू औषधांच्या कंपनीत आहेस ना, मग सांग बघू, ते गांजाचं तेल काय असतं?” तासगावात दर एकादशीला भजनाला जाणारी माझी मावशी ‘गांजा’ हा शब्द जिऱ्यामोहरीसारखा उच्चारत होती. शेजारच्या सीटवरच्या माणसाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

काकांना जठराचा कर्करोग. केमोच्या तिसऱ्या फेरीनंतर त्यांचं जेवण सुटलं होतं. त्यातच कुणीतरी कुटुंबाच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला: काळं तेल, रोज तांदळाच्या दाण्याएवढं, तीन महिन्यांत गाठ गायब. आणि कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा मावसभाऊ लगेच म्हणाला, “इथे दुकानात मिळतं. दिवाळीला येताना घेऊन येतो.” सोबत फोटो होता. बिनसुईची बोटभर सिरिंज आणि तिच्यात डांबरासारखं काहीतरी.

मी वीस वर्षं गुणवत्ता तपासणी विभागात, म्हणजे आमच्या भाषेत ‘क्यूसी’त, काढली आहेत. गांजाशी माझा संबंध नाही, पण बाटलीवरचं लेबल आणि बाटलीतला माल यांत किती अंतर असू शकतं ते रोज बघतो. त्यामुळे त्या फोटोवरून आठ दिवस घरात जे बोलणं झालं, ते सगळ्यांसाठी लिहून ठेवतो आहे.

## सिरिंजमध्ये असतं काय?

एकाच झाडाची तीन नावं आपल्याला माहीत असतात: पानं म्हणजे भांग, मादी झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा आणि त्या फुलोऱ्यावरची चिकट राळ म्हणजे चरस. औषधी आणि नशिली द्रव्यं मुख्यतः त्या राळेत असतात. ती शंभरावर आहेत, पण आपल्याला दोनच पुरेत. टीएचसी हे नशा आणणारं, भूक वाढवणारं आणि मळमळ कमी करणारं. सीबीडी हे नशा न आणणारं, पण काही प्रकारच्या अपस्मारात, म्हणजे फिट्सच्या आजारात, सिद्ध झालेलं. टीएचसीची रचना १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी उलगडली. पुढे १९९२ मध्ये मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत मेंदूतलं एक रसायन सापडलं. टीएचसी ज्या कुलपात बसते त्याच कुलपाची ही आपल्या शरीराने बनवलेली किल्ली. तिचं नाव ठेवलं ‘आनंदामाइड’, आपल्या ‘आनंद’वरून.

आता तेल. वाळलेला फुलोरा शुद्ध अल्कोहोलमध्ये भिजवायचा, गाळायचा, अल्कोहोल उडवून टाकायचं आणि मागे राहतं ते घट्ट, काळपट, कडूजहर द्रव्य. याला परदेशात ‘फुल एक्स्ट्रॅक्ट कॅनाबिस ऑइल’ म्हणतात, थोडक्यात फेको. ऊस डोळ्यांसमोर आणला की गोष्ट सोपी होते. रस आटवला की काकवी होते, मग गूळ. त्यात उसाचं जवळपास सगळं असतं, रंग, वास, खनिजं. साखर करताना हे सगळं काढून एकच गोष्ट ठेवतात. फेको म्हणजे काकवी. दुकानात त्याच्याच शेजारी ‘डिस्टिलेट’ आणि ‘आयसोलेट’ नावाने जे सोनेरी किंवा पांढरं मिळतं ती साखर. आयुर्वेद जाणणाऱ्यांना ‘घन’ म्हटलं तरी कळेल, गुळवेलीचा घन असतो तसाच हा.

यालाच आरएसओ, म्हणजे रिक सिम्पसन ऑइल, असंही म्हणतात. रिक सिम्पसन हा कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाचा माणूस. या तेलाने आपल्या त्वचेचा कर्करोग बरा झाला असं २००३ पासून तो सांगत आला आणि व्हिडिओतला तो ‘तीन महिने’वाला कार्यक्रमही त्याचाच: नव्वद दिवसांत साठ ग्रॅम. साधारण अर्धा किलो वाळलेल्या फुलोऱ्यातून साठेक ग्रॅम तेल निघतं, त्यावरून तो केवढा मोठा डोस आहे याचा अंदाज येईल. सिम्पसन तेल काढायला नॅफ्थासारखी पेट्रोलियमची द्रावणं वापरायला सांगे. चांगले उत्पादक आज खाण्यायोग्य इथेनॉलच वापरतात. घरी स्वयंपाकघरात हा उद्योग करताना वाफांनी पेट घेऊन भाजलेले लोक अमेरिकेत कमी नाहीत, तेव्हा ‘घरीच करून बघू’ हा विचारही नको.

अजून एक बारकावा. झाडात टीएचसी तयार स्वरूपात नसते, तिच्या आम्लाच्या रूपात असते आणि ते आम्ल नशा आणत नाही. उष्णता लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि टीएचसी तयार होते. भांग उकळून, तुपात परतून घेण्याची जुनी रीत ही हीच रसायनक्रिया, फक्त तिला नाव नव्हतं. फेको काढताना ते तापवलेलं असतं, म्हणून ते गिळलं तरी चढतं.

## गिळल्यावर इतका उशीर का लागतो?

ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. गिळलेलं तेल अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही चढू शकतं आणि सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त टिकतं. कारण ते आधी यकृतातून जातं आणि यकृत टीएचसीचं एक वेगळं रूप करतं जे मेंदूवर जास्त जोरकस काम करतं. म्हणजे उशिरा, जास्त आणि लांबवर.

बहुतेक गोंधळ या उशिरानेच होतो. पुरणपोळी खाताना चौथी पोळीही हलकी वाटते, पोट भरल्याचं कळतं ते पाटावरून उठताना. तेलाचंही तसंच. तासाभरात काही झालं नाही म्हणून माणूस आणखी घेतो आणि मग दोन्ही डोस एकदम येऊन बसतात. छातीत धडधड, घाबरेपणा, तोल जाणं, भ्रम. जीव सहसा जात नाही, पण सत्तरीच्या माणसाने रात्री बाथरूमला जाताना पडून खुबा मोडला तर ‘तेलाने काही होत नाही’ या वाक्याला काय अर्थ राहिला? लहान मुलांच्या हाती लागलं तर मात्र खरंच जिवावर बेतू शकतं, मूल बेशुद्ध पडतं, श्वास मंदावतो.

## ‘तांदळाचा दाणा’, पण कुठल्या तांदळाचा?

मावसभावाने पाठवलेल्या लेबलवर असं होतं: निव्वळ वजन १ ग्रॅम, टीएचसी ६८.४ टक्के, सीबीडी ०.३ टक्के. मावशीने विचारलं, “यातलं किती द्यायचं?” व्हिडिओ म्हणतो दाण्याएवढं. सिम्पसनचा मूळ सल्ला अर्ध्या दाण्यापासून सुरुवात करण्याचा आणि दर चार दिवसांनी दुप्पट करण्याचा आहे.

मी दुसऱ्या दिवशी डब्यातून दोन पुड्या नेल्या आणि लंच टाइममध्ये आमच्या सूक्ष्म तराजूवर तांदूळ ठेवले. आंबेमोहोराचे दहा दाणे भरले ०.१२ ग्रॅम, बासमतीचे ०.२१. सहकाऱ्यांनी यथेच्छ टिंगल केली, पण मुद्दा समोर होता. तेल तांदळापेक्षा हलकं असतं, तो फरक धरून हिशोब केला तर आंबेमोहोराएवढ्या थेंबात साधारण सहा मिलिग्रॅम टीएचसी येते आणि बासमतीएवढ्यात दहा. अमेरिकेतल्या संशोधन संस्थांनी २०२१ पासून टीएचसीचं मोजायचं एकक पाच मिलिग्रॅम धरलं आहे. कॅनडात खाण्याच्या पदार्थाच्या एका अख्ख्या पाकिटात दहा मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी घालायची परवानगी नाही. म्हणजे बासमतीचा एक दाणा हा कॅनडातला अख्खा पुडा झाला.

सिरिंजवरच्या रेघांचं प्रकरण याहून अवघड. सर्वांत लहान ठळक रेघ बहुधा ०.१ मिलिलिटरची असते. तेवढ्यात अडुसष्ट मिलिग्रॅम टीएचसी बसते, म्हणजे पाच-पाचचे तेरा डोस. आणि घट्ट तेल दांडा दाबला की आधी येत नाही, मग भसकन येतं. टूथपेस्टची नळी थंडीत दाबून बघा.

म्हणून जिथे हे कायदेशीर आहे तिथले जाणते लोक ते नुसतं घेतच नाहीत. सिरिंज कोमट पाण्यात धरून तेल सैल करतात आणि खाण्याच्या तेलात विरघळवतात. वरचा एक ग्रॅम तीस मिलिलिटर तेलात नीट मिसळला की दर मिलिलिटरला तेवीसच्या आसपास मिलिग्रॅम, म्हणजे ड्रॉपरच्या एका थेंबात साधारण एक. आता मोजता येतं. पहिल्यांदा घेणाऱ्याने एक-दोन मिलिग्रॅमपासून रात्री सुरुवात करायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पुन्हा हात लावायचा नाही, हा डॉक्टरांचाही सर्वसाधारण सल्ला असतो.

किमतीचाही हिशोब मिलिग्रॅमवरच करायचा. समजा एक सिरिंज तीस डॉलरला आहे आणि तिच्यात ६८४ मिलिग्रॅम टीएचसी आहे, दुसरी पंचवीस डॉलरला पण तिच्यात ४५० मिलिग्रॅमच. पहिलीचा दर मिलिग्रॅममागे साडेचार सेंटच्या आत, दुसरीचा साडेपाचच्या वर. स्वस्त दिसणारी महाग निघाली. किराणा दुकानात आपण शेंगदाणा तेलाच्या ९०० मिलिलिटरच्या पिशवीला एक लिटर समजून फसतो, तसंच.

## तेलाआधी कागद बघायचा

औषधाच्या प्रत्येक खेपेसोबत आमच्याकडे एक कागद फिरतो, सर्टिफिकेट ऑफ अ‍ॅनालिसिस. आम्ही ‘सीओए’ म्हणतो. बॅच क्रमांक, काय तपासलं, मर्यादा किती होती, निघालं किती. फेको घेणाऱ्याने तेलाचा रंग, दाटपणा, बाटलीवरचं हिमालयाचं चित्र यांतलं काही बघू नये, हा कागद बघावा. परवानाधारक दुकानांत तो बहुधा पाकिटावरच्या क्यूआर कोडने उघडतो.

उघडला की पहिल्यांदा बॅच क्रमांक जुळवायचा. कागदावर एक आणि सिरिंजवर दुसरा असेल तर तो कागद तुमच्या तेलाचा नाही, तो फक्त शोभेला आहे. ही चलाखी माझ्या धंद्यातही जुनी आहे. एका चांगल्या बॅचचा कागद वर्षभर फिरवायचा. मग तपासणी कुणी केली ते बघायचं. प्रयोगशाळा उत्पादकापासून वेगळी हवी आणि आयएसओ १७०२५ या मानकाची मान्यता तिच्याकडे हवी. भारतात ही मान्यता एनएबीएल ही संस्था देते.

त्यानंतर टीएचसी-सीबीडीचे आकडे. दोन ओळी दिसतील, टीएचसी आणि तिचं आम्ल. आम्ल तापल्यावर त्याचं वजन घटतं, म्हणून आम्लाचा आकडा ०.८७७ ने गुणून मिळवतात. फेकोत आम्ल जास्त दिसत असेल तर ते नीट तापवलेलं नाही.

आणि मग लोक जे पान उलटतच नाहीत ते पान: कचरा. हे झाड जमिनीतली जड धातूद्रव्यं भराभर शोषून घेतं, इतकं की प्रदूषित जमीन साफ करण्यासाठी त्याच्या लागवडीचे प्रयोग झाले आहेत. अर्धा किलो फुलोऱ्याचं साठ ग्रॅम तेल होतं तेव्हा टीएचसीसोबत शिसं, कॅडमियम, काही कीटकनाशकंही दाट होऊ शकतात. रस आटवला तर रसातली माशीही आटतेच ना. म्हणून शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा या चारही नावांपुढे आकडा किंवा ‘आढळलं नाही’ असं हवं. बुरशीच्या विषांची, म्हणजे अफ्लाटॉक्सिनसारख्यांची, ओळ हवी. उरलेल्या द्रावणाची ओळ हवी. औषधनिर्मितीतल्या आंतरराष्ट्रीय मर्यादेनुसार इथेनॉल दशलक्षात ५००० भागांपर्यंत चालतं, हेक्झेन मात्र २९० आणि बेंझीन फक्त २. या तीन आकड्यांतलं अंतर बघितलं की ‘कशाने काढलंय?’ हा प्रश्न दुकानदाराला का विचारायचा ते कळतं.

ज्याच्या केमोमुळे पांढऱ्या पेशी आधीच उतरलेल्या आहेत, त्याला बुरशी लागलेलं तेल देणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

## “पण कॅन्सर बरा होतो म्हणतात, ते खोटं का?”

मावशीचा खरा प्रश्न हाच होता आणि तिला मी आडपडदा न ठेवता सांगितलं. माणसाचा कर्करोग या तेलाने बरा होतो असं दाखवणारी एकही नीट चाचणी आजवर नाही.

लगेच पुढचा प्रश्न येतो की प्रयोगशाळेत पेशी मरताना दाखवल्या आहेत. दाखवल्या आहेत, खरं आहे. काचेच्या बशीतल्या पेशी पुष्कळ गोष्टींनी मरतात. आमच्या लॅबमधल्या फिनाइलनेही मरतील. प्रश्न असतो माणसाला न मारता, रक्तातून गाठीपर्यंत पोचून, तेवढ्या मात्रेत ते काम होतं का. स्पेनमधल्या संशोधकांनी मेंदूची गाठ पुन्हा उलटलेल्या नऊ रुग्णांच्या गाठीत थेट टीएचसी सोडून पाहिली, ते २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. ते सुरक्षितपणे करता येतं एवढं दिसलं, आयुष्य वाढल्याचं ठाम काही हाती लागलं नाही. २०२१ मध्ये ब्रिटनमधली, मेंदूच्या अशाच गाठीच्या एकवीस रुग्णांवरची एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली, केमोसोबत टीएचसी-सीबीडीचा तोंडात मारायचा फवारा. वर्षाने फवारा घेतलेल्यांतले जास्त जण हयात होते. आशादायक, पण एकवीस माणसं म्हणजे आमच्या वाड्यातली एक पंगत. म्हणून पुढे तिथे मोठी चाचणी सुरू झाली. आणि त्यातही केमो बंद नाही, केमोसोबतच. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अ‍ॅस्कोने, २०२४ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं आहे की चाचणीबाहेर कर्करोगावरचा इलाज म्हणून गांजा वापरू नये.

“औषध कंपन्या हे दडपतात,” असं मावसभाऊ म्हणाला. अरे, कंपन्या हे विकतात! टीएचसीची कृत्रिम गोळी ड्रोनाबिनॉल अमेरिकेत १९८५ पासून केमोच्या मळमळीवर मिळते. वर सांगितलेला फवारा, नॅबिक्सिमॉल्स, हा तर झाडाचाच अर्क आहे, मोजून-मापून केलेला. ब्रिटनमध्ये २०१० पासून तो मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजारात स्नायू आखडतात त्यासाठी आहे. शुद्ध सीबीडीचं औषध २०१८ मध्ये मुलांच्या दोन अवघड अपस्मारांसाठी मंजूर झालं. ते बनवणारी कंपनी २०२१ मध्ये सात अब्जांहून जास्त डॉलरला विकली गेली. या तेलात गाठ जाळायची ताकद असती तर ती बाटलीबंद करून विकायला कंपन्यांनी एकमेकांना तुडवलं असतं.

म्हणजे झाडात औषध आहे, यात वाद नाही. मळमळ, स्नायूंचा ताठरपणा, ठरावीक अपस्मार, काही जणांना वेदना. हे सगळं लक्षणांचं काम आहे.

“सगळं एकत्र असलं की जास्त गुण येतो, म्हणून पूर्ण अर्कच हवा,” हा युक्तिवाद दुकानदार हमखास करतात. गुळातली खनिजं साखरेत नसतात, हे खरंच. पण काकवीच्या प्रत्येक खेपेची चव वेगळी असते हेही तेवढंच खरं. झाडातली द्रव्यं एकमेकांना हात देतात ही कल्पना कानाला गोड आहे, माणसांवरचा पुरावा अजून तोकडा आहे.

## “शंकराला चालतं, मग आपल्याला काय होणार?”

शिवरात्रीला भांगेचा पेला घेणं आणि रोज ६८ टक्के टीएचसीचा घन घेणं यांत तेवढंच साम्य आहे जेवढं ताक आणि तूप यांत. आयुर्वेदातही विजया, म्हणजे भांग, शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत आणि ती उपविषांत मोजतात.

काकांच्या बाबतीत धोका अगदी घरगुती होता. त्यांना रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू आहे. सीबीडी आणि टीएचसी दोन्ही यकृतातल्या त्याच यंत्रणेतून जातात आणि ही गोळी शरीरात साचून रक्तस्राव होऊ शकतो. अपस्मारावरचं क्लोबाझाम, मूत्रपिंड बदललेल्यांचं टॅक्रोलिमस, यांचंही तसंच. घरात कुणाला भ्रमाचा आजार झालेला असेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील, बाई गरोदर असेल, तर विषय तिथेच संपतो. आणि डॉक्टरांपासून लपवून तर अजिबात नाही. ऑन्कॉलॉजिस्ट रागावतील म्हणून लोक सांगत नाहीत, मग रक्ताचे रिपोर्ट विचित्र आले की तेच डॉक्टर अंधारात चाचपडतात.

## भारतात मिळतं ते ‘विजया’, ते वेगळं

आपल्याकडचा अमली पदार्थविरोधी कायदा, एनडीपीएस, १९८५ चा. त्याने गांजा म्हणजे फुलोरा बंद केला, पण शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यातून वगळल्या. चरसच्या व्याख्येत मात्र ‘हशीश तेल’ हे नाव घेऊन घातलं आहे. म्हणजे सॅन होजेच्या दुकानातलं ते फुलोऱ्याचं घट्ट तेल भारतात कायद्याच्या लेखी चरस आहे. कुठल्याही परवान्यावर, कुठल्याही चिठ्ठीवर ते घरी आणता येत नाही.

पानांच्या त्या चिंचोळ्या वाटेने आयुर्वेदिक ‘विजया अर्क’ बाजारात आला आहे. ऑनलाइन मागवताना वैद्यांची चिठ्ठी लागते, ती विचारतच नसतील तर पुढे जाऊ नका. बाटलीवर राज्याने दिलेला आयुर्वेदिक औषधाचा उत्पादन परवाना क्रमांक हवा आणि वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना हवी, कारण भांग औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये, विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचंही नियंत्रण आहे, तेव्हा ओळखीच्या कुणाकडून पुडीत आणलेली पानं हा पर्याय समजू नये.

इथे एक हमखास फसगत होते. लेबल म्हणतं ‘१५०० मिलिग्रॅम विजया अर्क’. वाचणारा समजतो एवढी औषधी द्रव्यं. पण तो आकडा अर्काच्या वजनाचा असू शकतो. त्यात टीएचसी किती, सीबीडी किती, हे वेगळं लिहिलेलं नसेल तर तुम्ही गूळ किती किलो घेतला ते कळलं, त्यात गोडी किती ते नाही. पुन्हा तोच कागद मागायचा.

आणि दुसरी फसगत ‘हेम्प ऑइल’ची. ते भांगेच्या बियांचं खायचं तेल, जवसाच्या तेलासारखं. त्यात टीएचसी-सीबीडी जवळपास नसतंच. कोशिंबिरीवर घाला, चांगलं आहे. पण ‘कॅन्सरवर गुणकारी’ म्हणून कुणी विकत असेल तर त्याला सांगा की कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणं हाच १९५४ च्या चमत्कारिक उपायांविरुद्धच्या कायद्याने गुन्हा आहे.

## “एकच सिरिंज आहे, बॅगेत टाकून आणू?”

मावसभावाला मी एका शब्दात उत्तर दिलं, पण तो हट्टी. म्हणून त्याच्या बाजूने सांगितलं. कॅलिफोर्नियात विकत घेणं राज्याच्या कायद्याने चालतं, अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने नाही, आणि विमानतळ, सीमा, व्हिसा हे सगळं केंद्राचं. तो अजून एच-१बीवर, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसावर आहे. नागरिक नसलेल्या माणसाने फक्त वापराची कबुली दिली तरी व्हिसा-ग्रीन कार्डात अडचण येऊ शकते आणि २०१९ मध्ये तिथल्या नागरिकत्व खात्याने नागरिकत्वाच्या अर्जांबाबतही हे लेखी स्पष्ट केलं. टोरांटोत राहणाऱ्यांनाही तेच: कॅनडात २०१८ पासून कायदेशीर आहे, पण देशाबाहेर नेणं गुन्हा.

मुंबई विमानतळावर ती सिरिंज म्हणजे चरसची आयात. शंभर ग्रॅमपर्यंतची मात्रा ‘अल्प’ धरतात, तरी त्याला वर्षापर्यंतची सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कुणी म्हणेल खोबरेल तेलात मिसळून आणू, तर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं आहे की वजन मिश्रणाचं धरायचं, आतल्या द्रव्याचं नाही. एक ग्रॅम तीसात मिसळला की तुमच्याकडे तीस ग्रॅम झाले.

त्याने सिरिंज तिकडच्याच मित्राला दिली म्हणाला. मी जास्त चौकशी केली नाही.

## काकांचं काय झालं?

या सगळ्या गदारोळात मी मावशीला एक प्रश्न उशिरा विचारला, जो पहिल्याच फोनवर विचारायला हवा होता: तेल कशासाठी हवंय? ती गप्प झाली आणि मग म्हणाली, “अरे, ते जेवतच नाहीत रे. अर्धी भाकरीसुद्धा जात नाही.”

ही गोष्ट तिने डॉक्टरांना सांगितलीच नव्हती. केमोत असं व्हायचंच, असं धरून चालली होती. आम्ही पुढच्या वेळी तिघंही गेलो. डॉक्टरांनी वजनाचा तक्ता पाहिला आणि झोपताना घ्यायची ओलांझापिनची एक लहानशी गोळी लिहून दिली, अडीच मिलिग्रॅमची. मी घरी येऊन शोधलं. पुदुच्चेरीच्या जिपमेर या सरकारी वैद्यकीय संस्थेत जठर, यकृत, स्वादुपिंड, फुफ्फुस अशा कर्करोगांच्या १२४ रुग्णांवर याच गोळीची चाचणी झाली होती आणि ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. केमोसोबत गोळी घेतलेल्यांत साठ टक्के जणांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढलं, नुसती साखरेची गोळी घेतलेल्यांत नऊ टक्क्यांचं. गोळी भारतात कुठल्याही मेडिकलमध्ये, चिठ्ठीवर, काही रुपयांत मिळते. तिच्यावर कुणी व्हिडिओ काढलेला नाही.

परवा मावशीचा फोन आला तेव्हा मी पुन्हा बसमध्येच होतो. काकांनी दुपारी दीड भाकरी आणि भरल्या वांग्याची एक फोड खाल्ली होती. वर, तिखट कमी आहे म्हणून कुरकुर केली.